थोरल्या रस्त्यावरील खिंडीचे वर्तमान

॥ चौकातला मारुती समर्थ. हिरवा दिवा सदा प्रसन्न असो ॥ शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सर, जे नाव आमचे नगरदरबाराचे कारभारास फार शोभले, ते साली अधिक ज्येष्ठ मासी थोरल्या रस्त्यावर जो प्रसंग गुदरला त्याचे वर्तमान साद्यंत लिहोन ठेवावे, नाही तर पुढली पिढी आपल्या मनचे काही सांगत बसेल, ऐसी आज्ञा चहाचे दुकानी बसणाऱ्या चार थोरांनी केली, त्यावरून हे लिहिले असे. आम्ही उत्तरतीरचे रहिवासी, तरी पक्षपात केला नाही. जेथे केला तेथे तो उघड दिसेल ऐसा केला आहे.

प्रथम रस्त्याची उत्पत्ती. पूर्वी येथे ओढ्याकाठची गाडीवाट होती, आणि बैल ज्या बाजूस वळत त्या बाजूस वाट वळे. मग टोपीवाल्यांचा अंमल जाहला आणि त्यांचे साहेबाने नकाशावर पट्टी ठेवोन घड्याळाचे मनोऱ्यापासून स्टेशनापर्यंत सरळ रेघ ओढली, आणि रेघेत एका सावकाराची विहीर आली. सावकार म्हणाला, "विहीर हलायची नाही." साहेब म्हणाला, रेघ हलायची नाही. मग शिष्टाई होऊन रेघच हलली, आणि रस्ता मध्यावर कंबरेत वाकला. पुढे सावकार गेला, विहीर बुजली, परंतु रस्ता त्या मुजऱ्यातून अद्याप उठला नाही. मग टांगे आले आणि मोटारी आल्या आणि डांबर आले, आणि डांबर सुकते न सुकते तो पाणीखाते खणावयास आले. रस्त्यास प्रथम एका लाटसाहेबाचे नाव दिले, मग ते पुसोन एका थोर पुरुषाचे दिले, मग त्याहून थोर पुरुषाचे दिले. लोकांनी तिन्ही नावांस हात जोडले आणि रस्त्यास थोरला रस्ताच म्हणत राहिले. मनोऱ्यापाशी उभे राहोन स्टेशनाकडे तोंड केले असता डावे हातास उत्तरतीर, तेथे कापडवाले आणि चष्मेवाले आणि वाकणावर भांडीवाले. उजवे हातास दक्षिणतीर, तेथे मिठाईवाले आणि औषधवाले आणि चहावाला आणि वाकणावर बांगड्यांचे दुकान. म्हणजे भूक, दुखणे आणि चहा एका तीरी, आणि नेसणे, पाहणे आणि शिजविणे दुसऱ्या तीरी. एकास दुसऱ्यावाचून चालत नसे, म्हणोन दिवसभर वाहने उभी जात आणि माणसे आडवी जात, आणि दोघेही एकमेकांस शिव्या देऊन सुखरूप असत.

आता वाकणावर उत्तरेस जे भांड्यांचे दुकान ते भिकोबाशेट गोडांबे यांचे. शेटजी देहाने भारी आणि गुडघ्यांनी अधू, आणि गादीवर बसले म्हणजे मागची निम्मी पातेली गिऱ्हाइकास दिसत नसत. समोर दक्षिणेस बांगड्यांचे दुकान, ते शेटजींच्या पत्नी अनसूयाबाई यांचे वडिलांचे. दोन्ही दुकाने तोंडासमोर, त्यामुळे लग्नसमयी वरात निघण्याआधीच पोहोचती, तेव्हा लौकिकास्तव नवरदेवास घोड्यावर घालोन साऱ्या शहरास वळसा दिला आणि शेवटी समोरच आणोन उतरविला. पुढे बाईंचे आईबाप निवर्तले, भाऊ मुळात नव्हता, तरी बाईंनी दुकान मोडले नाही. रोज सकाळी नवराबायको एकाच रिक्षाने येत, बाई आपल्या तीरी उतरत आणि शेटजी आपल्या तीरी. आणि दुपारी बाई दुकानाचे मागल्या खोलीत स्टोव्हवर गरम भाकरी टाकीत आणि भांड्यांचे मालक रस्ता ओलांडोन जेवावयास जात. सारे दक्षिणतीर त्यांस जावईबापू म्हणे. अधिक मास आला की बाई स्वतःच पुरणाचे धोंडे उकडोन माहेरच्या वतीने जावयास वाढीत. आम्ही एकदा थट्टेने पुसिले की वाढणारही तुम्ही आणि जावईही तुमचाच, हा कोण व्यवहार? तेव्हा बाई म्हणाल्या, "जावई जेवायला येतो तोवर माझं माहेर आहे. ज्या दिवशी यायचा थांबेल त्या दिवशी नुसतं दुकान उरेल."

ऐशियास विलंबी संवत्सराचे चैत्रमासी नगरदरबाराचे रस्तेखात्यातील सरदार रामलिंगराव बिडवे यांस स्फूर्ती जाहली की माणसे आडवी जातात म्हणोन वाहने अडतात, सबब रस्त्याचे मध्यभागी दुभाजक घालावा. मग गाड्या भरोन लोखंड आले आणि मनोऱ्यापासून स्टेशनापर्यंत छातीएवढे गज उभे राहिले, वर अणकुचीदार टोके, आणि हुकूम जाहला की ज्यास पलीकडे जाणे त्याने मनोऱ्याचे चौकातून वळसा घालोन जावे. दुपार जाहली. भिकोबाशेट पायरी उतरोन गजांपाशी आले, चौकाकडे पाहिले, उन्हाकडे पाहिले, गुडघ्यांकडे पाहिले, आणि समोर बाई उभ्या होत्या त्यांस म्हणाले, "अगं, डबाच दे की गजातून." हे वाक्य शेटजींनी पुन्हा आयुष्यात उच्चारिले नाही. बाई म्हणाल्या, "गजातून जेवण कैद्याला देतात. जावयाला पाट मांडतात." शेटजी म्हणाले, "अगं, माझे गुडघे!" बाई म्हणाल्या, "लग्नात अख्ख्या शहराला वळसा घातलात, तेव्हा नव्हते का गुडघे?" शेटजी म्हणाले, "तेव्हा घोडा होता." त्यासरशी बाई आत गेल्या आणि स्टोव्ह विझला. दोन्ही तीरांनी हे ऐकिले, कारण मध्ये दुभाजक असल्यामुळे दोघांसही ओरडोनच बोलणे भाग होते.

मग जी लढाई जुंपली ती बिनशब्दांची. सकाळी रिक्षात दोघे दोन बाजूंस पाहत. रात्री घरी बाई पातळ मुगाची खिचडी वाढीत आणि जे सांगणे ते भिंतीस सांगत, आणि शेटजी भिंतीस उत्तर देत. दुपारी शेटजी मानी पुरुष, बाहेरचे खाईनात. चहा म्हणावा तर चहाही पलीकडे. मूठभर फुटाण्यांवर दुपार काढीत आणि समोर पाहत बसत. ऐसे करता करता शेटजींच्या मागची पातेली एकेक दिसो लागली.

इकडे प्रजा स्वस्थ बसली नाही. पंधरवडा लोटला नाही तो वाकणावरचा एक गज बाजूस वाकलेला आढळला, आणि तेथे खिंड पडली. कोणी वाकविला हे ईश्वर जाणे. ज्यास पुसावे तो म्हणे, आम्ही आलो तेव्हा वाकलेलाच होता. त्या खिंडीतून चहा उत्तरेस येऊ लागला आणि चष्मे दक्षिणेस जाऊ लागले. मग बिडवे सरदारांनी लोहार आणोन गज सरळ करविला, प्रजेने वाकविला, सरदारांनी सांधा डागोन घेतला, प्रजेने त्याच्या शेजारचा वाकविला. आम्हीही एकदा त्या वाटेने गेलो, धोतराचा काठ तेथे अर्पण जाहला. शेवटी एके दिवशी खुद्द बिडवे सरदार उत्तरतीरी पाहणी करीत असता त्यांस चहाची तलफ आली आणि ते इकडेतिकडे पाहोन खिंडीतून पलीकडे गेले. त्यानंतर लोहार आला नाही. परंतु खिंड बारीक, आणि भिकोबाशेट तिजकडे लांबून पाहत आणि उसासा टाकीत. बाई सडपातळ, त्यांस सहज येता येते. परंतु त्यांचे म्हणणे की जावयाने यावे ही रीत, माहेर उठोन जावयाकडे जात नसते.

ऐसे करता अधिक मास लागला आणि सरतही आला, आणि जावई जेवला नाही. बाई गिऱ्हाइकांस बांगड्या भरीत, परंतु हात जड पडे आणि काकणे फुटत, चहावाल्याने ते पाहिले आणि तो खिंडीतून येऊन शेटजींस म्हणाला, "शेट, बाईंनी पुरण घातलंय. पाट मांडून बसल्यात. बोलवायच्या नाहीत, पण बसल्यात." शेटजींनी फुटाण्यांची पुडी बाजूस सारली. मग उठले, कपाटातून नवी टोपी काढोन घातली, रस्त्यावर आले, आणि वाहनांस हात करून खिंडीपाशी उभे राहिले. सारे उत्तरतीर दुकाने टाकोन बाहेर आले. शेटजींनी श्वास घेतला, पोट आत ओढिले, आणि आश्चर्य हे की सहज पार जाहले; फुटाण्यांनी आपले काम केले होते. दक्षिणतीरी "जावईबापू आले!" ऐसा एकच गजर जाहला. बाईंनी ताट वाढले. पहिला धोंडा शेटजींनी मुकाट्याने खाल्ला. दुसऱ्यावर बाईंनी तुपाची धार धरली आणि शेटजी पुरे म्हणेनात, तेव्हा त्या किंचित हसल्या. मग शेटजींनी तीन मासांचा उपवास एका बैठकीत फेडिला. किती धोंडे खाल्ले हे आम्ही मोजले नाही, जावयाचे मोजू नयेत.

इतक्यात उत्तरेकडून हाक आली की शेट, गिऱ्हाईक खोळंबले आहे. शेटजी हात धुवोन तसेच निघाले आणि ज्या खिंडीतून आले तीत शिरले. टोपी गेली, खांदा गेला, आणि मध्यभाग आला तेथे स्वारी थांबली. पुढे होईना, मागे होईना. तोंड उत्तरतीरी, पाठ दक्षिणतीरी, आणि मध्ये धोंडे. मग लोक जमले आणि वाहने तुंबली आणि मनोऱ्यापासून स्टेशनापर्यंत भोंग्यांचा कल्लोळ उडाला. कोणी ओढा म्हणे, कोणी ढकला म्हणे; औषधवाला म्हणाला, "थांबा हो, जिरू द्या. दोन तासांत सुटेल." बिडवे सरदार धावत आले आणि दरडावोन म्हणाले, "हे दुभाजकावर अतिक्रमण आहे! कच्चं की पक्कं?" शेटजी म्हणाले, "साहेब, येताना कच्चं होतं. आता पक्कं झालंय." लोक हसले, परंतु ज्येष्ठाचे ऊन माथ्यावर, शेटजींचे तोंड लाल जाहले आणि ओठ सुकले, आणि त्यांनी पाणी मागितले. चष्मेवाल्याने बाटली पुढे केली, तो शेटजी मान हलवोन म्हणाले, "आज मी तिच्याकडचा पाहुणा आहे. पाणी तिचंच घेईन."

बाई पाठीमागे तांब्या घेऊन उभ्याच होत्या. लोक म्हणाले, बाई, शेजारच्या गजातून हात घाला आणि पाजा, हातभर तर अंतर. बाई म्हणाल्या, "गजातून नाही." मग त्यांनी तांब्यावर फुलपात्र उपडे घातले, पदर खोचला, आणि चौकाचा रस्ता धरिला. माहेर उठोन जावयाकडे जात नसते ऐसे तीन मास म्हणणारी ती बाई भर उन्हात निघाली. मिठाईवाल्यावरून गेली, औषधवाल्यावरून गेली, घड्याळाचे मनोऱ्यास वळसा घातला, तेथे हवालदाराने शिटी तोंडातून काढोन वाट दिली, आणि मग उत्तरतीराने कापडवाल्यांवरून परत येऊ लागली, आणि जे जे दुकान आले तेथला मालक गादीवरून उठोन उभा राहिला. भोंगे एकेक करून थांबले. आम्ही आमचे ओट्यावर होतो. आमचेही डोळे भरले, हे लपवीत नाही.

भिकोबाशेट मान वर करून पाहतात तो समोर बायको. म्हणाले, "तू? चौकातून आलीस? एवढ्या उन्हात?" बाई म्हणाल्या, "मग काय करू? घोडा मिळाला नाही." आणि तांब्या त्यांच्या ओठांस लाविला. शेटजींनी एक घोट घेतला, आणि मग ते वाक्य त्यांस पोचले, आणि त्यांस जे हसू फुटले ते टोपीपासून निघोन धोंड्यांपर्यंत गेले. पोट हलले, गज हलला, नगरदरबाराने नुकताच डागलेला सांधा कट्‌ ऐसा आवाज करून निसटला, आणि शेटजी गजासकट आपल्या तीरास लागले. दोन्ही तीरांनी टाळ्या पिटिल्या. बिडवे सरदारांनी खिशातून टेप काढोन त्या भगदाडाचे माप घेतले आणि गंभीर मुद्रेने म्हणाले, "हे आम्ही ठेवणारच होतो."

एकूण तात्पर्य हे की दुभाजक आजही उभा आहे आणि खिंड त्यात कायम मंजूर आहे. तिच्या कडेस "येथून ओलांडण्यास मनाई" ऐसी पाटी लाविली आहे, आणि लोक पाटीस हात टेकवोन तोल सांभाळीत ओलांडतात. दरबाराचे कागदी तिची रुंदी काय लिहिली ते ठाऊक नाही, रस्त्यावर तीस एक गोडांबे म्हणतात, आणि पुढे इतर रस्त्यांवर दुभाजक पडले तेथील प्रजेने एकेक गोडांबे जागा सोडावी म्हणोन अर्ज केले आहेत. भिकोबाशेट दुपारी जेवावयास जातात. मागली पातेली पुन्हा दिसेनाशी जाहली. कधी गुडघे दुखले तर बाईच ताट झाकोन इकडे येतात, गजातून नव्हे, खिंडीतून. आणि त्यांस पुसिले तर म्हणतात की आज माहेरच इकडे आलंय. इतके लिहिता आमची चहाची वेळ जाहली, आणि चहा पलीकडे आहे, म्हणोन लेखणी येथे ठेवोन, धोतर आवरोन, आम्ही निघालो असे.