मेहुण्यांपर्यंतचे टप्पे

मागच्या खोलीत चार टेबलं होती आणि बसायला जागा नव्हती. टेबलांवर तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे संगणक होते, टेबलांखाली त्यांचे सुटे भाग, आणि खिडकी झाकून उभ्या असलेल्या कपाटात सुट्या भागांचे सुटे भाग. हा सगळा संसार वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या निरीक्षकांचा होता. त्यांची बायको कॉलेजच्या प्रयोगशाळेत होती आणि पुढच्या महिन्यात तीही निवृत्त होणार होती.

"मला ती खोली हवीय," गुरुवारी सकाळी चहा घेताना ती म्हणाली.

"काय ठेवायचंय?"

"मला. एक खुर्ची, उघडी खिडकी आणि मी. तीस वर्षं मुलांच्या हातून परीक्षानळ्या फुटताना ऐकल्यात. आता मला काहीही ऐकायचं नाही."

"अगं, पण तिथे आमचं जाळं आहे!"

जाळं म्हणजे जुन्या संगणकांचं वेड असलेले चार जण, टेलिफोनच्या तारेने जोडलेले. निरीक्षकांचं यंत्र फक्त घड्याळवाल्यांच्या यंत्राशी बोले, घड्याळवाल्यांचं पुढे दातांच्या डॉक्टरांच्या यंत्राशी, आणि डॉक्टरांचं निरीक्षकांच्या मेहुण्यांच्या यंत्राशी. मेहुणे म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. ते दोन गल्ल्या सोडून राहत. चालत गेलं तर सात मिनिटं लागत. जाळ्यातून निरोप पंचवीस मिनिटांत पोचे.

"बावीस वर्षांत मी याचा उपयोग विचारला नाही, आज विचारते," बायको म्हणाली. "दादाला निरोप पाठवा, रविवारी पाचला घरी ये म्हणून. तो आला तर यंत्रं राहतील. नाही आला तर सोमवारी भंगारवाला. आणि दादाला फोन करून चौकशी करायची नाही."

"छे छे! ते तर काट्याला बोट लावणं झालं." नोकरीभर त्यांनी अशीच बोटं पकडली होती.

निरोप गेला. पोच मात्र आली नाही, शुक्रवारी नाही आणि शनिवारीही नाही. घड्याळवाल्यांनी आपल्याकडची नोंद तपासली तेव्हा कळलं, की निरोप त्यांच्याकडून डॉक्टरांकडे गेला होता, डॉक्टरांकडून परत त्यांच्याकडे आला होता, मग पुन्हा डॉक्टरांकडे. आणि शनिवारच्या संध्याकाळपर्यंत हे तीनशे अकरा वेळा झालं होतं.

"दर खेपेला तार जुळताना माझं यंत्र किंचाळतं हो," डॉक्टर फोनवर म्हणाले. "खुर्चीत पेशंट आ करून बसलेला. म्हणतो, डॉक्टर, तुम्ही अजून सुरूही केलं नाही, मग आवाज कसला येतोय? दोघं तर भूल उतरायच्या आत पळाले."

रविवारी दोन वाजता घड्याळवाले आणि डॉक्टर निरीक्षकांच्या घरी हजर झाले. तासभर त्यांनी कागद पाहिले. शेवटी घड्याळवाले म्हणाले, "कागदावर कळत नाही ना, मग आपणच यंत्रं होऊ. जे यंत्र करतं तेवढंच करायचं. डोकं चालवायचं नाही."

"ते जमेल तुम्हाला," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

निरीक्षक मागच्या खोलीच्या दारात उभे राहिले, घड्याळवाले बोळकांडीत आणि डॉक्टर हॉलमध्ये. मेहुण्यांच्या जागी गॅलरीत एक स्टूल ठेवलं. निरोपाची चिठ्ठी केली. नियम सोपे होते. प्रत्येकाने फक्त शेजारच्याशी बोलायचं आणि दर अर्ध्या मिनिटाला त्याला एवढंच सांगायचं, की मेहुणे माझ्यापासून किती टप्प्यांवर आहेत. कुठल्या वाटेने, ते सांगायचं नाही. यंत्रंही सांगत नसत.

"मेहुणे माझ्यापासून एक टप्पा," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे माझ्यापासून दोन," घड्याळवाले म्हणाले.

"माझ्यापासून तीन," निरीक्षक समाधानाने म्हणाले आणि त्यांनी चिठ्ठी पुढे दिली. ती बोळकांडीतून हॉलमध्ये आणि हॉलमधून स्टुलावर व्यवस्थित पोचली. दुसऱ्यांदाही पोचली. बिघाड काही होईना.

चारच्या सुमाराला बायकोला माळ्यावरचा डबा काढायचा होता. ती गॅलरीत गेली आणि स्टूल घेऊन आली.

चिठ्ठी घेऊन वळलेले डॉक्टर जागीच थबकले. "मेहुणे गेले!"

"काय?" बायको स्टुलावरून ओरडली.

"तुमचे नाही वहिनी, आमचे. आता नियमाप्रमाणे शेजाऱ्याला विचारायचं. घड्याळवाले, मेहुणे तुमच्यापासून किती?"

"दोन," घड्याळवाले प्रामाणिकपणे म्हणाले.

"वा! म्हणजे तुमच्याकडून वाट आहे. माझ्यापासून तीन." डॉक्टरांनी चिठ्ठी त्यांना परत दिली.

घड्याळवाल्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "पण माझी वाट तर तुमच्याकडूनच आहे. तुमच्यापासून तीन, म्हणजे माझ्यापासून चार. घ्या."

"तुमच्यापासून चार, तर माझ्यापासून पाच. घ्या."

"सहा. घ्या."

निरीक्षक टाळी वाजवून ओरडले, "सापडला! बिघाड सापडला! वाट दोघांनाही माहीत नाही, पण दोघांचाही एकमेकांवर पूर्ण विश्वास आहे!"

"मग थांबवा की त्यांना," बायको म्हणाली. "मला डबा घेऊन जायचंय आणि हे दोघं बोळकांडी अडवून बसलेत."

"थांबायचा नियमच नाहीये. आकडा फुगत जाणार."

"अठरा."

"एकोणीस. घ्या."

"अहो, निदान चहा किती जणांचा टाकू ते तरी सांगा."

"मी नाही सांगू शकत. माझी तार फक्त घड्याळवाल्यांकडे आहे."

बायकोने घड्याळवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, "चाळीस," आणि चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात ठेवली. तिने चहा टाकलाच नाही. ती डबा घेऊन हॉलमध्ये बसली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे शांतपणे पाहू लागली. पाचला सात मिनिटं होती. निरीक्षकांनीही घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. बिघाड सापडला होता, निरोप मात्र फिरतच होता.

तेवढ्यात बेल वाजली. बायकोने दार उघडलं. दारात मेहुणे उभे होते, घामाघूम.

"दादा?"

"अगं, जरा खाली ये, हात लाव. काय चाललंय इथे?"

"पंचावन्न," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, मेहुणे आले!" निरीक्षक मागून ओरडले. "द्या चिठ्ठी!"

"मला थेट सांगू नका, घड्याळवाल्यांकडून सांगा."

मेहुण्यांनी पुढे होऊन डॉक्टरांच्या हातातून चिठ्ठी ओढून घेतली आणि वाचली. "रविवारी पाचला घरी ये. हे कुणाला?"

"तुलाच," बायको म्हणाली. मग ती नवऱ्याकडे वळली. एक सुस्कारा टाकून म्हणाली, "आला. पाचच्या आत आला. खोली तुमची."

घड्याळवाल्यांनी निरीक्षकांची पाठ थोपटली. निरीक्षक मात्र पुढे आले आणि मेहुण्यांना म्हणाले, "खरं सांगा. गुरुवारी यंत्रावर निरोप मिळाला होता?"

"कुठलं यंत्र? ते मी बुधवारीच उपटलं."

"अहो, गप्प बसा ना!" डॉक्टर कुजबुजले. "जिंकलायत तुम्ही!"

"नाही. निरोप पोचला नाही, माणूस पोचला. चुकीच्या मापाने बरोबर वजन भरलं तरी माप चुकीचंच. मी हरलो." एवढं बोलून ते खाली बसले. जवळ खुर्ची नसल्याने मेहुण्यांच्या स्टुलावर बसले.

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. या माणसाला रागवावं की ओवाळावं, हे तिला ठरवता येईना.

"पण उपटलंत कशाला?" घड्याळवाल्यांनी मेहुण्यांना विचारलं.

"मी कशाला उपटतोय! हिची वहिनी म्हणाली, खोली रिकामी करा. यंत्र खाली गाडीत आहे. म्हटलं, तुमच्या मागच्या खोलीत ठेवावं."

निरीक्षकांनी मान खाली घातली. "खोली आता हिची आहे."

डॉक्टर चुळबुळले. "माझंही आणायचं मनात होतं. पेशंट टिकत नाहीत हो."

"माझ्या दुकानातही त्या किंकाळीने लोक दचकतात," घड्याळवाले म्हणाले. "एकाच्या हातून आजोबांचं घड्याळ पडलं."

बायकोने बोळकांडीच्या टोकाला असलेल्या त्या खोलीकडे पाहिलं. मग भावाला विचारलं, "दादा, वहिनीने त्या खोलीत काय ठेवलंय?"

"काही नाही. एक खुर्ची. दार लोटून बसून असते."

"खिडकी?"

"मोठी आहे. उघडीच असते."

"एकच खुर्ची आहे?"

"दोन मावतील की."

बायको उठली. तिने पर्स घेतली, मोबाइल चपलांच्या स्टँडवर ठेवला आणि चपला घातल्या. "आणा वर सगळी यंत्रं," ती म्हणाली. "एकमेकांशेजारी ठेवा, म्हणजे निरोप चुकणार नाहीत. मी रोज दुपारी वहिनीकडे असेन. पुढच्या महिन्यात कॉलेज सुटलं की सकाळपासून."

निरीक्षक स्टुलावरून ताडकन उठले. "अगं, पण तुला काही कळवायचं झालं तर? मेहुण्यांचं यंत्र इथे आल्यावर त्या घराकडे एकही वाट उरत नाही!"

"म्हणून तर," ती म्हणाली, आणि दार हळूच ओढून घेऊन जिना उतरली.