सावकाश पहिला आला

वेग ही माणसाची मूलभूत गरज असून ती भागवायला सार्वजनिक रस्ते अपुरे पडतात, हे आता सर्वमान्य झालं आहे. हौशी मोटारशर्यतीचे क्लब त्यासाठीच असतात.

आमच्या क्लबात (सभासद एकोणीस, चालू गाड्या सात) वाहनपरवाना कार्यालयातला एक परीक्षक दाखल झाला. अठरा वर्षं शिकाऊ चालकांच्या शेजारी बसून तो एकच शब्द बोलत आला होता, म्हणून त्याचं नाव 'सावकाश' पडलं. गाडी सासऱ्यांची. बायको परिचारिका; नाडी मोजायच्या घड्याळावर तीच त्याच्या फेऱ्यांची वेळ घ्यायची.

पहिल्या मोसमात तो नऊच्या नऊ शर्यतींत शेवटचा आला. पुढे जाताना तो इंडिकेटर देई. (अशी वेळ एकदाच आली, पुढची गाडी बंद पडली होती.) त्यावर समितीने नोटीस काढली : सदर प्रकाराने इतर स्पर्धकांना हसू येऊन त्यांचा ताबा सुटतो.

दुसऱ्या मोसमात अध्यक्षांच्या गाडीने तिसऱ्या वळणावर तेल सांडलं. सहा गाड्या ओळीने गवतात गेल्या; मान राखून अध्यक्षांची आधी. सावकाशने सवयीप्रमाणे फार लवकर ब्रेक दाबला आणि पहिला आला.

जुने टायर विकायला आलेला एका व्यावसायिक संघाचा व्यवस्थापक हे बघत होता. म्हणाला, "वेगवान माझ्याकडे चार आहेत. गाडी परत आणणारा एकही नाही. येता?"

घरी सावकाशने विचारलं, "नोकरी सोडू?"

"भीती वाटतेय?" बायको म्हणाली.

"खूप."

"मग सोडा. ज्यांना वाटत नाही, ते आमच्या वॉर्डात येतात."

करार बासष्ट पानांचा होता, पैकी एकेचाळीस कोणत्या प्रायोजकाची टोपी घालावी याविषयी. चार वर्षांत तो भीती शाबूत ठेवून ब्रेक उशिरा दाबायला शिकला. अजिंक्यपदाच्या शेवटच्या फेरीत पुढच्याला मागे टाकताना, इंडिकेटरच नसलेल्या त्या गाडीत, त्याचं बोट मात्र हललंच. अजिंक्यपद जिंकून गाडीतून उतरल्यावर तो बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. (करारात याविषयी तरतूद नव्हती.)

क्लबाने लगेच 'येथेच घडला' अशी संगमरवरी पाटी बसवली. मजकूर नोटीस लिहिणाऱ्या चिटणीसांचाच.

त्याच्या अगदी पहिल्या शर्यतीला आपण हजर होतो, असं सांगणारे आजवर चार हजार दोनशे लोक मला भेटले. दप्तरी नोंद प्रेक्षक एक, अशी आहे. ती त्याची बायको. तुम्हीही होतात म्हणता? असाल, असाल. तिच्या शेजारी जागा भरपूर होती.