नऊ हजार आठशे सासूबाई

संगणकावर चित्रपट बनवणाऱ्या त्या कंपनीच्या गर्दी विभागात एकच बाई होत्या. त्यांना सगळे गर्दीबाई म्हणत. राजाच्या मिरवणुकीला टाळ्या वाजवणारी नऊ हजार आठशे माणसं उभी करणं, हे त्यांचं सध्याचं काम. त्याची मान्यताप्राप्त पद्धत अशी की, माणसं सातच घडवायची आणि कपड्यांचे रंग बदलून प्रत्येकाच्या चौदाशे प्रती काढायच्या.

यंदा काटकसरीचं परिपत्रक निघालं : नमुन्याची माणसं कर्मचाऱ्यांनी घरूनच आणावीत. गर्दीबाईंनी सासूबाईंना नेलं. चारी बाजूंनी फोटो झाले, टाळ्या वाजवून घेतल्या, संमतीपत्रावर सही झाली. नमुना क्रमांक सात.

"मी दिसेन ना गं नक्की?"

"आई, चौदाशे वेळा दिसाल."

सासूबाई हरखल्या. घरातल्या एकाही फोटोत त्या नव्हत्या. दरवेळी 'तू काढ गं' म्हणत कॅमेरा त्यांच्याच हातात दिला जाई. त्यांनी इमारतीतल्या अकराही घरी जाऊन आमंत्रण दिलं.

त्याच आठवड्यात बचत समितीचा ठराव झाला. कॅमेऱ्यापासून दहा पावलांपलीकडच्या माणसास चेहरा देण्यात येऊ नये. नमुना सातच्या साऱ्या प्रती तिसाव्या पावलापलीकडे होत्या. गर्दीबाई बचत अधिकाऱ्यांकडे गेल्या.

"साहेब, चेहरा तेवढा राहू द्या. सासूबाई आहेत माझ्या."

"बाई, नाकडोळे काय फुकट येतात? एकेक चेहरा संगणकाचा अर्धा तास खातो."

"मग एकीलाच द्या."

"आणि उरलेल्या एक हजार तीनशे नव्व्याण्णव जणींनी अन्याय झाला म्हटलं तर?"

"त्याही सासूबाईच आहेत, साहेब."

"म्हणूनच तर भीती वाटते."

तीन बैठकांनंतर तोडगा निघाला. सगळ्यांचा चेहरा एकच असला, तर तो एकदाच घडवावा लागतो. सबब इतर सहा नमुने रद्द. त्यांत साहेबांचे साडूही गेले. आता नऊ हजार आठशे जागी सासूबाई उभ्या राहिल्या. पुरुषांच्या जागी होत्या त्यांना नियमानुसार मिशा लावल्या.

तरीही संगणक धापा टाकतच राहिला. तपासणीत आढळलं की, राजाची कुरळी दाढी आणि रत्नजडित मुकुट मिळून साऱ्या प्रजेपेक्षा जास्त वेळ खातात. समितीनं राजा काढून टाकला. 'राजा नुकताच पुढे गेला आहे असे समजावे,' अशी नोंद झाली. समीक्षकांनी लिहिलं : सामान्य माणसाला केंद्रस्थानी ठेवणारी धाडसी कलाकृती.

पहिल्या खेळाला अकराही घरं आली. पडद्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सासूबाई टाळ्या वाजवत होत्या. खेळ सुटल्यावर शेजारीण लगबगीनं आली.

"राजा काय रुबाबदार होता हो! पण तुम्ही कुठे दिसलाच नाहीत?"

"होते की मी."

"मागे कुठेतरी असाल मग," ती समजूत घालत म्हणाली.

गर्दीबाईंचे डोळे भरून आले.

त्या शेजारणीचं आपल्याला हसू आलं असेल. येऊ द्या. फक्त एक सांगा : इतका वेळ सासूबाई आपल्यासमोरच होत्या, तर दिसायला कशा आहेत त्या? राहू द्या. आपण कुठे विचारलं होतं!