टेबल क्रमांक सात

महाविद्यालयाच्या रोजगार मेळाव्याची तयारी सकाळी दहालाच पूर्ण झाली होती. मांडव होता, बावीस टेबलं होती, प्रत्येक टेबलावर कंपनीच्या नावाची पाटी आणि पाण्याची बाटली होती. फक्त कंपन्या यायच्या राहिल्या होत्या. त्यांना महिन्याभरापूर्वी निमंत्रणं गेली होती. एकीनेही होकार कळवला नाही, पण नकारही कळवला नाही. तेव्हा नकार नाही म्हणजे होकारच, असा ठराव मेळावा समितीने एकमताने केला आणि बावीस नावांचा फ्लेक्स छापून गेटवर लावला.

पौर्णिमा रिठदहून सकाळच्या एसटीने आली होती. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, विषय रसायनशास्त्र. बावीस कंपन्यांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. यादीच्या तळाशी पेनाने एक ओळ वाढवलेली होती: मालेगावची माती परीक्षण प्रयोगशाळा, जागा एक. जागा सरकारी योजनेतली, त्यामुळे महाविद्यालयाचं पत्र लागणार होतं. तीन वर्षं परीक्षानळ्या धुतल्यावर आपल्याला जे येतं ते हेच, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. आई, पंचफुला, हरभरा सोंगायला निघता निघता म्हणाली होती, "माय, दुसऱ्या कोन्या टेबलावर बसू नको. मातीवाले येतीन तवरीक थांब."

साडेदहाला मेळाव्याचे समन्वयक प्रा. भागवत यांच्या ध्यानात आलं की तासाभरात प्रमुख पाहुणे येणार, त्यांच्यामागे मूल्यांकन समिती येणार, आणि टेबलं तर रिकामी आहेत. सर गडबडून जाणाऱ्यांतले नव्हते. गॅदरिंगच्या नाटकातले कोट कपाटातून बाहेर निघाले आणि बावीस हुशार, नीटनेटक्या विद्यार्थ्यांच्या अंगावर चढले.

"सर, पन मी तं नोकरी मागायले आली," पौर्णिमा म्हणाली.

"मागनारे मांडवभर हायेत, देनारं कोनी नाही," सर म्हणाले. "फ्लेक्सवर नाव छापलं म्हनजे कंपनी आली पाह्यजे. दोन तासाचा तं प्रश्न हाये."

तिला टेबल क्रमांक सात मिळालं. पाटीवरचं नाव एवढं भारदस्त होतं की ही कंपनी नेमकं काय बनवते, याचा काही पत्ता लागेना. पहिलाच उमेदवार तिच्या वर्गातला उत्कर्ष निघाला. कोट पाहून तोही सरळ बसला आणि तिला मॅडम म्हणाला. मॅडमनी छापील प्रश्न विचारला, अनुभव किती वर्षांचा? अनुभव नव्हता. अर्जावरच्या शेऱ्याच्या रकान्यात तिने 'अनुभव नाही, अपात्र' असं लिहून सही केली. कोट अंगात असला की हे लिहिणं सोपं जातं, हे तिला कळलं आणि स्वतःची लाजही वाटली. पण रांग मोठी होती. दुपारपर्यंत तिने एकेचाळीस जणांना अपात्र ठरवलं, त्यातल्या शेवटच्या दहांना तर मान वर न करताच.

पाहुण्यांनी भाषणात नोकरी मागणारे होऊ नका, देणारे व्हा, असं सांगितलं आणि उदाहरण म्हणून टेबल सातकडे बोट दाखवलं. एवढ्या कोवळ्या वयात ही मुलगी पुण्याहून इथवर रोजगार द्यायला येते, आणि आपली पोरं? आपली पोरं माना खाली घालून ऐकत होती. पौर्णिमेनेही घातली.

मग मूल्यांकन समितीने नोकरी लागलेल्यांचा आकडा विचारला. सगळ्या टेबलांवर सगळेच अपात्र ठरल्यामुळे आकडा शून्य होता. सर याही वेळी गडबडले नाहीत. कोट घातलेल्यांनी कंपन्यांच्या टेबलांवर काम केलं होतं, म्हणजेच ते कामाला लागले होते. नोंदवहीत बावीस नावं चढली, त्यावर प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का पडला.

अडीच वाजता मोटारसायकलवरून प्रेमसिंग आले. प्रयोगशाळा त्यांचीच. दिवसभरात आलेले ते पहिले खरे मालक असल्यामुळे त्यांना बसायला टेबल नव्हतं. पौर्णिमा धावत गेली. त्यांनी पिशवीतून मातीची पुडी काढून यात काय काय तपासशील म्हणून विचारलं, आणि तिने सामू, क्षार, सेंद्रिय कर्ब, सगळं कृतीसकट सांगितलं.

"सोमवारपासून ये," प्रेमसिंग म्हणाले.

"तिचं पत्र नाही देता येत," सर मध्ये आले. "एक विद्यार्थी, एक नोकरी. तिची लागली."

पौर्णिमेने तिथल्या तिथे राजीनामा लिहिला. राजीनामा कंपनीच्या प्रतिनिधीने मंजूर करावा लागतो, हे सरांनी तिच्या लक्षात आणून दिलं. तिने पुन्हा कोट घातला, टेबल सातवर जाऊन बसली आणि स्वतःचा राजीनामा मंजूर केला. सरांनी कागद तपासला, बरोबर असल्याचं मान्य केलं आणि नियमावलीचं पुढचं पान उघडलं. लागलेली नोकरी सोडणारा विद्यार्थी वर्षभर अपात्र होता.

प्रेमसिंगांना परतायची घाई होती. दुसरं कोणी चालेल, म्हणाले. पौर्णिमेने उत्कर्षचं नाव सांगितलं, त्यालाही हे सगळं येत होतं. सरांनी त्याचा अर्ज काढला. त्यावर टेबल सातचा शेरा होता.

"ते खोटं हाये, सर. मीच लिवलं ते."

"ते कंपनीनं लिवलं," सर म्हणाले. "तू कोन खोडनारी?"

प्रेमसिंगांनी पुडी पिशवीत टाकली आणि आजकाल कामाला माणूसच मिळत नाही, असं पुटपुटत गाडीला किक मारली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला: बावीस कंपन्या, बावीस जणांना जागेवरच नोकरी. खाली लहानशी चौकट होती, मालेगावच्या प्रयोगशाळेला उमेदवार मिळेना. पंचफुलाने पोरीकडून ती दोनदा वाचून घेतली. "मंग जागा अजून खालीच हाये ना?" तिने विचारलं. पौर्णिमेने पेपराची घडी घातली.

बातमी तुम्हीही वाचलीत. चहा पिता पिता ती चौकट मोठ्याने वाचून दाखवलीत आणि समोर बसलेल्या आपल्या पोराला सुनावलंत, की नोकऱ्या पडल्यात ढीगभर, तुम्हालाच काम नको. काल कोट घालून टेबल क्रमांक अकरावर तोच बसला होता.