पोपटी धाग्याचा ट्रान्सफॉर्मर

ट्रान्सफॉर्मर कसा निवडावा, हे सावली गावच्या बाबूभाईंना कोणी शिकवू नये. मीटर लागतो तो नवशिक्यांना. बाबूभाई नुसता तळहातावर तोलणार, नाकाशी नेणार आणि निकाल देऊन मोकळे होणार. "याच्या पोटात पाणी शिरून गेलं." किंवा, "साठ वॅटचा म्हनते हा, पन चाळीसच्या वर नेला तं रडते पाहा." चाळीस वर्षं रेडिओ आणि लाउडस्पीकर दुरुस्त केलेला माणूस. बढाई मारायचा त्यांना हक्क होता आणि तो ते रोज वापरत.

आता एवढ्या मोठ्या जाणकाराच्या स्वतःच्या घरात एक ॲम्प्लिफायर बारा वर्षं मुका पडून होता, हे कुठे बोलायचं नाही. वडिलांच्या वेळचा, व्हॉल्व्हचा. बटण दाबलं की आधी मिनिटभर लालसर उजेड द्यायचा आणि मग सावकाश तोंड उघडायचा. आजूबाजूच्या गावांतली निम्मी लग्नं त्याच्या आवाजात लागली होती. एका पावसाळ्यात त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला. व्हॉल्व्हमधला आवाज कर्ण्यापर्यंत पोचवायचं काम त्याचं, म्हणजे गळाच गेला म्हणा. तेव्हापासून तो कोपऱ्यात बसला होता आणि बाबूभाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "जोडीचा पाह्यजे. मिळन."

त्या कोपऱ्यावर सुलतानाचा डोळा होता. सुलताना म्हणजे बाबूभाईंची बायको. सावलीत तिच्या हातचं ब्लाऊज घातल्याशिवाय मुलीला सासरी धाडत नाहीत, असं तिचं नाव.

"अजी, मंगळवारी माही पिको-फॉलची मशीन येऊन राह्यली," एके दिवशी तिने जाहीर केलं. "हे डबडं आता भंगारात जाईन."

"डबडं म्हनू नको त्याले. अब्बांची निशानी हाय."

"निशानी बोलत तं नाई ना."

नेमका त्याच वेळी सुकलू दारात उभा. सुकलू जंगलाकडच्या गावचा, बाबूभाईंचा जुना दोस्त. त्याच्या लग्नात हाच ॲम्प्लिफायर वाजला होता. तो मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतर भरणाऱ्या गावच्या जत्रेचं, आमंत्रण घेऊन आला होता. "रविवारी मंडई हाय आमच्या गावाले. रातच्या नाटकाले डीजेवाला ठरवला, पन दिवसभर तुमचाच बाजा पाह्यजे, भाऊ. आमच्या म्हाताऱ्याबिताऱ्याइले तोच आवाज पाह्यजे."

सुलतानाने कात्री खाली ठेवली. "ठीक हाय. रविवारी वाजला तं राहीन घरात. नाई वाजला तं सोमवारी भंगारवाला. सुकलूभाऊ, तुमी गवाह."

"मंजूर," बाबूभाई म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी ट्रान्सफॉर्मर पाहायला निघाले. पाहायला म्हणजे अगदी मुलीसाठी स्थळ पाहतात तसे. आधी चंद्रपुरात एका दुकानात नवाकोरा, चकचकीत दाखवला. बाबूभाईंनी तो हातावर घेतला आणि दुकानदाराकडे दयेने पाहिलं. "हा तं उपाशी हाय जी. याच्यात लोखंड कुठी हाय?" तिथून बसने भद्रावती. तिथे धनराज राहायचा. कारखान्यातून रिटायर झाल्यावर त्याने बंद पडलेल्या टॉकीजांचं सामान गोळा करून अंगणात शेड भरली होती. त्याने तीन काढून मांडले. बाबूभाईंनी एकेक उचलला, हुंगला, कानाशी नेऊन हलवला. तिसरा काळाकुट्ट, सांध्यांतून डांबर ओघळलेलं, वजन चार किलोच्या वर. बाबूभाईंचा चेहराच खुलला.

"हाच. खानदानी हाय."

"मीटर तं लावून पाहू द्या मले," धनराज म्हणाला. त्याने एका बाजूला थोडीशी वीज सोडून दुसऱ्या बाजूला किती निघते ते मोजलं, कागदावर भागाकार केला, पुन्हा केला. आकडा बाबूभाईंना तोंडपाठ असलेल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या आकड्याशी बरोबर जुळला. "मानलं तुमाले, बाबूभाई."

परतीच्या बसमध्ये बाबूभाईंनी तो मांडीवर घेतला होता. कंडक्टरने विचारलं, "लेकराचं वय काय, काका?" बाबूभाई म्हणाले, "साठ. याले सीनियरमध्ये घ्या."

शनिवारी सकाळी जोडणी झाली. आता यात एक गोम असते. व्हॉल्व्ह दोन आणि ट्रान्सफॉर्मरच्या वायरीही दोन. त्या उलट लागल्या तर ॲम्प्लिफायर स्वतःचाच आवाज ऐकून स्वतःच किंचाळायला लागतो. बाबूभाईंनी छोटा स्पीकर लावून पाहिलं, तर वायरी पहिल्याच झटक्यात बरोबर लागल्या होत्या. आवाज असा काही आला की सुलतानाचंही मशीनवरचं पाऊल थांबलं. पण नवा ट्रान्सफॉर्मर थोराड, जुन्या भोकांत बसेना. पुन्हा सोडवून नवी भोकं पाडायची होती. दोन्ही वायरी डांबराने सारख्याच काळ्या, म्हणून पहिल्या व्हॉल्व्हच्या वायरीला बाबूभाईंनी सुलतानाच्या डब्यातला धागा बांधला. आपल्या अकलेवर खूश होऊन ड्रिल मशीन मागायला शेजारी गेले.

इकडे सुलताना सुकलूच्या बायकोचं, कलाबाईचं पोपटी ब्लाऊज पूर्ण करत होती. मंडईला घालायचं होतं. एका बाहीची टीप वीतभर उरली आणि पोपटी धागा संपला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, तर धागा एका वायरीवर बसलेला. तिने तो सोडवून घेतला. बाई इमानदार, कोणाचं फुकट घेणार नाही. लगेच लाल धागा काढून वायरीला बांधला. कुठल्या वायरीला? तिच्या मते वायर म्हणजे वायर.

बाबूभाईंनी परत येऊन भोकं पाडली, ट्रान्सफॉर्मर बसवला. धाग्याला रंग असतो, ही गोष्ट एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांना कोणी सांगितली नव्हती. धागा दिसला, ती वायर पहिल्या व्हॉल्व्हला लावली, झाकण बंद केलं. नेमकी तेव्हाच लाईट गेली. सुलतानाने विचारलं, "वाजवून नाई पाहत?"

"सकाळी वाजला ना? मंग उद्या काऊन नाई वाजन?"

रविवारी सुकलूच्या गावात निम्मा तालुका लोटला होता. जिलेबीची दुकानं, बांगड्या, पाळणे. कवेलूच्या, म्हणजे कौलारू छपरांवर नेहमीप्रमाणे माकडांची वेगळीच मंडई. चाळीसेक काळतोंडे होते. कवेलू उचकटत होते, वाळत घातलेल्या शेंगा खात होते आणि कोणी दगड मारला तर त्याच्याकडे पाहून खाजवत होते. बाबूभाईंनी आंब्याच्या झाडावर कर्णा बांधला. समोर खाटा टाकून म्हातारेकोतारे बसले. पुढे सुकलू, बाजूला नवं ब्लाऊज घातलेली कलाबाई आणि मागे हाताची घडी घालून सुलताना.

"ऐका आता," बाबूभाई म्हणाले आणि बटण दाबलं. लालसर उजेड आला. एक म्हातारी पदराने डोळे पुसायला लागली.

मग तो किंचाळला.

किंचाळला म्हणजे काय, शंभर रेड्यांच्या शेपट्या एकदम दारात सापडाव्यात तसा. जिलेबीवाल्याच्या हातचा झारा कढईत गेला. डोळे पुसणारी म्हातारी खाटेवरून उठून, सून म्हणते तिला चालता येत नाही, ती थेट पाटलाच्या वाडीपर्यंत पळाली. कोणी ओरडलं, "वाघ, वाघ." दुसरा म्हणाला, "वाघ बी पळाला, भाऊ." बाबूभाई आवाज कमी करायचं बटण पिळत होते, पण स्वतःचंच ऐकणाऱ्याला बटण काय करणार? शेवटी सुकलूने वायर उपटली.

बाबूभाई मटकन खाली बसले. सोमवारचा भंगारवाला त्यांच्या डोळ्यांपुढे तराजू घेऊन उभा राहिला. खूप वाईट वाटलं त्यांना. अब्बांची शेवटची वस्तू, आणि तिची अशी शोभा.

कलाबाई अजून कानांवर हात ठेवून उभी होती. तिची बाही बाबूभाईंच्या बरोबर नाकासमोर. त्यांनी मान वर केली. पोपटी टीप, आणि शेवटच्या वीतभर टिपेवर काळे ठिपके. ओळखीचा वास आला. डांबर.

"वहिनी, या बाहीले डांबर कुठून लागलं?"

"मीच इचारणार होती," कलाबाई म्हणाली. "सुलतानाबाई, दोरा कुठचा जी हा?"

सुलतानाने आधी आभाळाकडे पाहिलं, मग जिलेबीकडे. "वायरीचा," ती हळूच म्हणाली. "पन मी बदल्यात लाल बांधला होता."

दहा मिनिटांत बाबूभाईंनी वायरी बदलल्या. लोक लांबूनच पाहत होते. पुन्हा बटण, पुन्हा लालसर उजेड, आणि मग सुरू झाली तबकडीवरची सनई. अशी भरदार, अशी गोड की पळालेली म्हातारी परत आली, तीही चालत. सुकलूने कलाबाईचा हात धरून तिला नाचायला ओढलं. बाबूभाई रडत होते आणि हसतही होते. सुलताना जवळ आली. "राहू द्या कोपऱ्यात. मशीन मी दारात ठेवते."

बाबूभाई जिंकले. जेमतेम तासभर. मग सुकलू गावातल्या चारपाच कर्त्या माणसांना घेऊन आला आणि डोकं खाजवत उभा राहिला.

"भाऊ, गानं चांगलं हाय. पन ते पहिलेवालं होत नाई का पुन्हा?"

"कायचं पहिलेवालं?"

सुकलूने छपरांकडे बोट केलं. रिकामी छपरं. त्या किंचाळीला तासभर झाला होता, पण छपरांवर एक माकड नाही. सनई ऐकून मात्र आंब्यावर दोन येऊन बसले होते आणि त्यांनाही ती आवडलेली दिसत होती.

"तुरीचं पीक निघेपर्यंत तरी ठेवा इथी. पाया पडतो."

बाबूभाईंनी खूप ताणलं, पण दोस्तीपुढे काय चालतं? त्यांनी आत एक बटण बसवून दिलं. वर केलं की वायरी बरोबर, खाली केलं की उलट. वर चिठ्ठी चिकटवली 'गाणे', खाली 'माकड'. ॲम्प्लिफायर गावात राहिला आणि मंगळवारी पिकोची मशीन कोपऱ्यात बसली.

आता बाबूभाई महिन्यातून एकदा तिकडे जाऊन तब्येत पाहून येतात. 'माकड'ची चिठ्ठी बोटं लागून पुसून गेली आहे, 'गाणे' मात्र चिकटवलं त्या दिवसासारखं कोरं आहे. हे ते सावलीत कोणाला सांगत नाहीत. विचारलंच कोणी, तर बाबूभाई ताठ होतात आणि म्हणतात, "कसा बोंबलते ते पाह्यलं का? दोन कोस ऐकू जाते, पन आवाज फाटत नाई जी. ट्रान्सफॉर्मर मी निवडला हाय."