शांतवनकाकांचं हिवाळी तारण

इतरांना हिवाळ्यात पडसं होतं, आमच्या शांतवनकाकांना तारण होत असे. दर हिवाळ्यात. कापूस वेचून झाला, माणसांना संध्याकाळी जरा पाय पसरायला सवड मिळाली, की आमच्या आर्वीच्या ख्रिस्ती मंडळीत जागृतिसभा भरायची. वर्ध्याहून नाही तर नागपूरहून पाहुणा उपदेशक यायचा, घसा बसेपर्यंत बोलायचा आणि शेवटी म्हणायचा, "सर्वांनी डोळे मिटा. ज्याला आज पापातून आपलं तारण व्हावं असं वाटतं, त्यानं हात वर करावा." सगळे डोळे मिटत, आणि शेवटच्या बाकावरून एक लांबलचक हात वर जाई. बाहीला जिनातली रुई चिकटलेली. तो काकांचा.

डोळे मिटलेले असताना मला हे कसं दिसलं, असं कृपया विचारू नये. आमच्या मंडळीत सगळ्यांचे डोळे मिटलेले असत आणि सगळ्यांना सगळं दिसत असे.

त्या वर्षांत आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून उचलून मुंबई राज्यात घातला, आणे जाऊन नवे पैसे आले, पण काकांचा शिरस्ता बदलला नाही. काका कापसाच्या जिनात गठाणी बांधायच्या कामावर होते. "आपलं काय जाते?" हे त्यांचं पालुपद. एका लग्नात भाजीत मीठ इतकं पडलं होतं की पंगतीतला एकेक जण पाण्याच्या तांब्याकडे धावत होता. काकांनी ती भाजी दोनदा मागून घेतली. मी विचारलं, "काका, जीभ आहे की नाही?" तर म्हणाले, "तो आचारी इकडंच पाहून राह्यला ना मास्तर. खाल्ली थोडी, आपलं काय जाते?" डोक्यावर औषधालाही केस नव्हता, पण दारावर फेरीवाला आला की कंगवा घ्यायचे. आळीतल्या बायकांनी बरीच वर्षं कंगवा विकत घेतला नाही.

मी तेव्हा शाळामास्तर आणि मंडळीचा चिटणीस होतो. तारण या विषयात माझा गाढा अभ्यास आहे, असं माझं मत होतं. ते दुसऱ्या कोणाचं नव्हतं, बायकोचं तर मुळीच नव्हतं. एकदा मिळालेलं तारण पुन्हा जात नाही, हा माझा पक्ष. विरुद्ध पक्षाचे पुढारी दानिएलराव, मंडळीचे वडील, म्हणजे ज्येष्ठ पंच. भरघोस मिशा, चांगली शेती आणि त्याहून चांगला आवाज. त्यांच्या मते विश्वासणाऱ्यानं जपून नाही राहिलं तर तारण हातचं जातं. उपासना संपली की चिंचेखाली आमची जुंपायची.

"बैल दावं तोडून गेला," मी म्हणायचो, "तरी मालक बदलतो का?"

"अन् कोंडवाड्यात जाऊन बसला मंग?" दानिएलराव गरजायचे. "तुमच्या मालकाले काय कामाचा तो?"

कोंडवाड्याचा उल्लेख माझ्या पुस्तकांत कुठेच नव्हता. काका मात्र शेजारी बसून म्हणायचे, "मालक येते ना सोडवाले. आपलं काय जाते?" आम्ही दोघंही त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचो. अडाणी माणसानं अशा गहन चर्चेत पडू नये, यावर दोन्ही पक्षांचं एकमत होतं.

मग एका लग्नात वर्ध्याचे आणि नागपूरचे उपदेशक एकाच मांडवात आले. वर्ध्याच्यांनी काकांचा हात धरून सांगितलं, "हे माझ्या सभेत वाचले." नागपूरचे म्हणाले, "काहीतरीच! हे तर माझ्या सभेत वाचले." काकांनी दोघांनाही मनापासून नमस्कार केला. मंडळीची मात्र शोभा झाली, आणि पंचकमिटी बसली.

जन्मात पहिल्यांदा दानिएलराव आणि मी एका बाजूला होतो. तारण जात नसेल तर हा माणूस दर साली कशाला घेतो? आणि जात असेल तर दर साली असं करतो तरी काय? दानिएलरावांना या दुसऱ्या मुद्द्यात जरा जास्तच रस होता.

"शांतवन, खरं सांग. कोनतं पाप करतं तू?"

"करत असन काही," काका ओशाळून म्हणाले. "मानूसच हावो ना."

शेवटी मंडळीच्या पाळकसाहेबांनी जड मनानं ठराव सांगितला. यापुढे काकांनी सभेत हात वर करायचा नाही. केला, तर वर्षभर प्रभुभोजन बंद.

काकांचा चेहरा एकदम उतरला. प्रभुभोजन म्हणजे महिन्यातल्या पहिल्या रविवारी भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. आमच्यातले कित्येक जण त्या वेळी घरी शिजणाऱ्या कोंबडीचा विचार करत असत. काका मात्र त्या दिवशी धुतलेला कोट घालून सगळ्यांच्या आधी येऊन बसत. राहेलकाकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. एकदा काकांनी मला सांगितलं होतं, "ते तिकडं देवाघरी, मी इकडं. पन पंगत तं एकच ना, मास्तर? महिन्यातून एक डाव आमी दोघं संगं जेवतो." ठराव लिहिताना मला ते आठवलं. पण सिद्धांत म्हणजे सिद्धांत, म्हणून मी सुवाच्य अक्षरात लिहिला.

त्या हिवाळ्यात जवळच्या रोहणा गावाला सभा ठरली आणि उपदेशक तापानं पडले. कोणी काही विचारायच्या आत मी होकार दिला. माझा विषय होता 'तारण जात नाही'. एवढं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, मी दीड तास घेतला. खळ्यात कास्तकार बसले होते, कडेला काही गोंड कुटुंबं पोरं मांडीवर घेऊन बसली होती. पुढच्या सतरंजीवर दानिएलराव, माझ्या चुका वेचायला आलेले. मागे काका. मी मोठ्या रंगात असताना एका म्हातारीनं विचारलं, "बापू, दवाई कव्हा देता?"

अखेर मी म्हणालो, "डोळे मिटा. ज्याला तारण हवं त्यानं हात वर करावा."

कोणी हात वर केला नाही. बैल रवंथ करत होते, तेवढाच आवाज. मी म्हणालो, "अजून वेळ आहे." कोणी तरी खोकललं. मी म्हणालो, "लाजू नका." बाजारातल्या दलालासारखा मी भाव उतरवत चाललो होतो. शेवटी तर, "हात थोडासा वर केला तरी चालेल," असंही म्हणालो. सगळी पुस्तकं, त्यांत मी मारलेल्या लाल शाईच्या सगळ्या रेघा, सगळं माझ्यासकट त्या खळ्यात उघडं पडलं होतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तेवढ्यात मागून एक लांबलचक हात वर गेला.

मला हायसं वाटलं. आधी हायसं वाटलं, मग ठराव आठवला. माझी वाचणाऱ्या सर्वांना विनंती आहे, हा क्रम लक्षात ठेवावा. दानिएलराव तर सतरंजीवर अख्खे मागे वळून बसले होते.

सकाळी परतताना बैलबंडीत काका आणि मी दोघंच होतो. मी चिडून म्हणालो, "काका, कळत होतं ना तुम्हाला? प्रभुभोजन जाईल आता. काऊन केला हात वर?"

शेतांच्या धुऱ्यावरच्या बोरींकडे पाहत ते सांगू लागले.

"मी पयले उपदेशक होतो, मास्तर. लग्नाच्या नव्या नव्यात. गावोगाव फिरो. बोलता येत नोतं मले. हात वर करा म्हनलं का सारं गाव थंडं. एकच हात वर होये. राहेलचा. मी एक डाव इचारलं, काऊन वं, तुह्यं तं झालं ना तारण? तं म्हने, झालं न. पन तुमचं तोंड पाह्यवत नाई मले." काकांनी कोटाच्या बाहीनं नाक पुसलं. "काल तुमचंई तसंच झालतं."

मला रडू आलं. बंडीला धक्के फार बसतात, असं काहीतरी मी म्हणालो.

कमिटी पुन्हा बसली. काका धुतलेला कोट घालून, शिक्षा ऐकायला तयार होऊन आले. पाळकसाहेबांनी विचारलं, "मास्तर, रोहण्याला यांनी हात वर केला, हे खरं का?"

"मी पाहिलं नाही," मी म्हणालो. "माझे डोळे मिटलेले होते."

सभेत डोळे मिटून उभा राहिलेला उपदेशक आजवर कोणी पाहिलेला नाही. पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग दानिएलरावांकडे. आता संपलं, असं मला वाटलं.

दानिएलरावांनी मिशांवरून हात फिरवला. "माह्येई मिटले होते," ते म्हणाले.

"पन साहेब, मी सोताच सांगतो ना," काका उठले.

"बस खाली!" दानिएलराव गरजले. "तुले कोनं इचारलं?"

घरी जाताना मी मोठ्या तोऱ्यात होतो. एका माणसासाठी मी देवाच्या घरात खोटं बोललो होतो! अर्ध्या वाटेवर माझ्या ध्यानात आलं, की माझ्या मतानं तारण जातच नाही. माझं काहीच पणाला लागलं नव्हतं. दानिएलरावांच्या मतानं ते जातं. हे पक्कं ठाऊक असूनही तो माणूस मिशांवरून हात फिरवून खोटं बोलला होता. त्यानंतर चिंचेखाली मी वाद घातला नाही. घातला असता तर हरलो असतो.

पुढच्या पहिल्या रविवारी काका सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. ताट शेवटच्या बाकापर्यंत गेलं. त्यांनी तुकडा घेतला, एका माणसापुरते बाजूला सरकले आणि सावकाश खाऊ लागले. एवढ्याशा तुकड्याला त्यांना फार वेळ लागला. पाळकसाहेब पुढचं गीत धरून उभे होते, ते काही सुरू करेनात. दानिएलराव जमिनीकडे पाहत होते. काकांचं जेवण होईपर्यंत आम्ही सगळे थांबलो.