रविवारची खरखर

"जावई बोलून राह्यले का कोनी फुटाने भाजून राह्यलं, काई समजत नाई बाप्पा," अनारशासाठी भिजवलेले तांदूळ फडक्यावर पसरता पसरता कस्तुराबाई पुटपुटल्या.

पुंजाजी शेजारीच भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान हलवली. आतल्या खोलीतून लॅपटॉपचा आवाज येत होता. "हॅलो, रूपाली... खर्रर्र... मी काय म्हणतो... खर्र... कधी... खर्रर्रर्र." मग त्यांच्या मुलीचा, रूपालीचा, नेहमीचा शांत आवाज आला. "तुमचा आवाज फाटून येतोय. मेसेज करते." आणि लॅपटॉप मिटल्याची टप्प.

दर रविवारी संध्याकाळी सातला पुण्याहून जावयाचा, भागवतचा, कॉल यायचा. दोन मिनिटं बरी जायची आणि मग खरखर सुरू व्हायची. ऑफिसचं बोलणं रूपाली कानात इअरफोनची बोंडं घालून करायची, पण भागवतला ते चालत नसे. आजूबाजूचं सगळं ऐकू आलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे ही खरखर साऱ्या घराला ऐकावी लागे.

रूपाली दसऱ्याच्या आदल्या दिवशी आली होती. आता ज्येष्ठ तोंडावर आला होता. गल्लीतल्या रंगूबाईंनी विचारलंच, "पोट्टी अजून इकडंच काय वं?"

"घरूनच काम असते न तिचं," कस्तुराबाई म्हणाल्या. "अन् पुन्यात नेट नाई चालत धड."

रूपालीनं कामापुरती नेटची तार घरात ओढून घेतली होती, पण या गावात मोबाईलला एक काडी रेंज हवी असेल तर पाण्याच्या टाकीखाली जाऊन उभं राहावं लागे. पुण्यापेक्षा इथलं नेट चांगलं, हे रंगूबाईंनी न हसता ऐकून घेतलं. त्याबद्दल कस्तुराबाईंनी त्यांच्या घरी वाटीभर लोणचं पाठवलं.

घरातही यापलीकडे कुणी काही विचारत नव्हतं. पुंजाजींनी एकदा धीर करून "भागवतराव बरे आहेत न?" असं विचारलं होतं. "हो" इतक्या झटकन आलं, की पुढचा प्रश्न दातांच्या मागेच राहिला.

पण यंदा धोंड्याचा महिना आला होता. जावयाला लेकीसह जेवायला बोलवायचं, तेहतीस अनारसे वाढायचे, आणि आमंत्रण सासऱ्यानं स्वतःच्या तोंडानं द्यायचं. पुंजाजींच्या फोनला भागवतकडून "मीटिंगमध्ये आहे" एवढंच उत्तर यायचं. म्हणजे जावई भेटणार ते रविवारी सातला, लॅपटॉपवर. आणि तिथे फुटाणे.

"मीच करतो दुरुस्त," पुंजाजी म्हणाले.

"बाबा, राहू द्या न. चालते तसंच," रूपाली म्हणाली.

"तसंच कसं चालन? जावयाचं बोलनंच आयकू नाई आलं तर नातं कसं टिकन?"

रूपालीनं लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला.

पुंजाजी कान लावून विहिरीवरच्या मोटरचं कोणतं बेअरिंग गेलं ते सांगायचे. अर्ध्या गावाचे फवारणी पंप त्यांच्या ओसरीत यायचे. दुरुस्त होणारी वस्तू हाताखाली आली की त्यांना बरं वाटे. घरात अशीही एक गोष्ट बिघडलेली होती, जिला कोणता पाना लागतो ते त्यांना कळत नव्हतं. म्हणून ते लॅपटॉपकडे वळले.

बिघाड त्यांना लगेच आठवला. दसऱ्याला पंप, मोटरसायकल आणि विळे यांच्या रांगेत लॅपटॉपही मांडला होता आणि कस्तुराबाईंनी हात सैल सोडून त्याची पूजा केली होती. पुंजाजींनी लॅपटॉप पालथा धरून पाठीवर दोन थापा मारल्या. आतून तीन अक्षता पडल्या.

"हे पाय! आवाज कुठून निघन? घशात तांदूळ अडकले त्याच्या!"

मग त्यांनी दात घासायचा जुना ब्रश फिरवला. त्यानं भागेना म्हणून टायरात हवा भरायचा पंप लावला. दसऱ्याचं कुंकू भस्सकन बाहेर आलं आणि पुंजाजींच्या मिशा लाल झाल्या. खरखर फक्त जावयाच्या वेळीच होत असल्यामुळे तपासणी रविवारीच करता येणार होती. रविवार आला. सात वाजले. दोन मिनिटांनी फुटाणे फुटायला लागले.

शेजारचे शालिग्राम म्हणाले, "तांदळात ठिवा. माहा मोबाईल हौदात पडला होता, दोन दिवस तांदळात ठिवला तं आजही वाजून राह्यला."

"लॅपटॉप हौदात नाई पडला," पुंजाजी म्हणाले.

"पडाची वाट पाहून राह्यले का?"

शनिवार-रविवार ऑफिसला सुट्टी. शुक्रवारी संध्याकाळी कस्तुराबाईंनी लॅपटॉप तांदळाच्या कोठीत पुरला आणि रविवारी सातच्या आधी उकरून काढला. खरखर होती तशीच होती. पण सोमवारी रूपाली ऑफिसच्या मीटिंगला बसली आणि बटणांच्या फटीतून एक सोंडकिडा वर आला. तो सावकाश पडदा चढला आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर जाऊन थांबला. पुण्यातल्या बारा साहेबांना रूपालीच्या तोंडाच्या जागी सहा पायांचा हत्ती दिसला. एक बाई किंचाळली.

आणि रूपाली हसली. अशी हसली, की तिला ठसका लागला. कस्तुराबाई पिठाचे हात घेऊन खोलीच्या दारात आल्या. एवढ्या महिन्यांत या घरात कोण हसलं, तेच त्या बघायला आल्या होत्या. पुंजाजी ओसरीवरून आत येता येता मधेच थांबले. हसणं संपेपर्यंत दोघंही जागेवरून हलले नाहीत. मग कस्तुराबाई म्हणाल्या, "दूध उतू जाईन माहं," आणि परत गेल्या. चुलीवर दूध नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळीच पुंजाजींनी लॅपटॉप चादरीत गुंडाळला. वाशीमकडच्या मालेगावात संघदीपचं दुकान होतं. रूपालीच्याच वर्गातला तो. पासवर्ड विचारल्यावर रूपालीनं तो कागदावर लिहून दिला. पुंजाजींची मोटरसायकल सुरू झाली तरी ती दारातच उभी होती, आणखी काही सांगायचं राहिल्यासारखी.

संघदीपनं लॅपटॉपवर गाणं लावलं. स्वच्छ वाजलं. कीर्तन लावलं. बातम्या लावल्या. सगळं स्वच्छ. पुंजाजींच्या मोबाईलवर कॉल लावून पाहिला, तोही खणखणीत.

"काका, याले काईच नाई झालं."

"मंग जावयाच्याच वेळी काहून खरखरते?"

"दर वेळी?"

"दर रविवारी. सात वाजून दोन मिनिटं."

संघदीपनं भुवया चढवल्या आणि आत कुठेतरी शोधाशोध केली. मग एक बटण दाबलं, आणि अख्ख्या दुकानात ती खरखर भरली. तीच. तश्शीच.

"सापडला!" पुंजाजी स्टुलावरून उठले. "हाच! हाच तो बिघाड! काढ त्याले!"

संघदीप पडद्याकडे बघत राहिला. "काका, हा बिघाड नाई," तो हळूच म्हणाला. "जुन्या रेडिओच्या खरखरीची ही फाईल आहे. गान्यासारखी असते. आपोआप नाई वाजत. कोनी लावली तरच वाजते." त्यानं तारखा पाहिल्या. "रोज नाई लागलेली. फक्त रविवारीच."

पुंजाजी परत स्टुलावर बसले. रस्त्यावरून वाशीमची एसटी गेली, तिची धूळ दुकानात येऊन खाली बसली.

"पुसून टाकू का?" संघदीपनं विचारलं.

"नाई. राहू दे तिथंच," पुंजाजी म्हणाले, आणि त्यांनी लॅपटॉप चादरीत गुंडाळायला घेतला. ताप आलेल्या लेकराला गुंडाळावं तशा हातांनी.

संध्याकाळी कस्तुराबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या. त्यांनी ताटात नारळ, कुंकू, सुपारी ठेवली. "झाला का दुरुस्त?"

"लॅपटॉपले काईच नाई झालं, संघदीप म्हने," पुंजाजी म्हणाले. मग रूपालीकडे न बघता ते पुढे बोलले, "त्यातलं काई काढलं नाई. सारं जागच्या जागी आहे."

रूपालीनं मान खाली घातली. सात वाजले. पुंजाजी दाराआड, कस्तुराबाई त्यांच्या मागे. कॉल लागला. रूपालीचं बोट एका बटणाशी जाऊन थांबलं. ते तिनं तिथेच ठेवलं, आणि मग मागे घेतलं.

आठ महिन्यांत पहिल्यांदा भागवतचा आवाज घराला सलग ऐकू आला.

"आज खरखर नाही वाटतं. बरं झालं. फिरव कॅमेरा."

"घरचेच आहेत सगळे."

"तुला विचारलं का? फिरव म्हटलं ना."

रूपालीनं लॅपटॉप उचलला. आधी कोठी दाखवली, मग खाट, मग खाटेखालची जागा, मग खिडकी. तो पुढचं सांगायच्या आधीच ती दाखवत होती. पुंजाजींना वाईट वाटलं ते याचंच. तिला सगळं क्रमानं पाठ होतं.

"फोन दाखव. कोणाकोणाचे कॉल आले? आणि या आठ महिन्यांचा हिशेब घरी आल्यावर होईल, कळलं? आता दार."

कॅमेरा दाराकडे वळला. दारात ताट घेतलेल्या कस्तुराबाई आणि पुंजाजी दिसले. पलीकडचा आवाज क्षणात गुळाचा झाला.

"अरे! आई, बाबा, नमस्कार! तब्येत काय म्हणते? धोंड्याचं आमंत्रण ना? येणार, येणार! आणि जाताना हिलाही घेऊन जातो. पुरे झालं आता माहेरपण."

कस्तुराबाईंच्या हातातल्या ताटात सुपारी गडगडत एका कडेला गेली. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. रूपाली कुणाकडेच बघत नव्हती.

पुंजाजी पुढे येऊन खाटेवर बसले. त्यांनी लॅपटॉप आपल्या मांडीवर घेतला आणि मोटरजवळ वाकायचे तसे त्याच्याजवळ वाकले.

"भागवतराव, रूपाली येनार नाई."

"हो हो, धोंडा झाल्यावर नेतो ना, घाई नाही."

"धोंडा झाल्यावरबी नाई."

मग भागवत म्हणाला, "काय म्हणालात? तुमचा आवाज तुटतोय, बाबा."

"आवाज साफ आहे," पुंजाजी म्हणाले. "आमची पोरगी तुमच्या घरी परत येनार नाई."